फोनसाठी संकल्प करताय? आधी फोनची जागा ठरवा

बडोद्यातल्या मराठी माणसाला संकल्प करायला वर्षात तीन मुहूर्त मिळतात, एक जानेवारी झाली की गुढीपाडवा आणि मग दिवाळीत गुजराती शेजाऱ्यांचं नवीन वर्ष, बेस्तु वरस, म्हणजे जानेवारीतला मोडला तर पाडव्याला परत आणि पाडव्याचा मोडला तर दिवाळीत साल मुबारक म्हणत म्हणत परत. पूर्वी सगळ्यांचा एकच संकल्प असायचा, वजन. आता आमच्या बिल्डिंगमध्ये बघा, भिशीत बघा, ऑफिसात बघा, पहिला नंबर "मोबाइल कमी करायचा" ह्याचा लागतो. करतात सगळे आणि टिकत कोणाचाच नाही, कारण त्या वाक्यात धरायला काही नाहीच आहे. कमी म्हणजे किती, कुठे, किती वाजता, आणि त्या वेळी हातात दुसरं काय असणार? उद्यापासून मी कमी बोलणार असं जाहीर करण्यातलाच प्रकार तो, चहाच्या वेळेपर्यंत संपतो.

मी मनाच्या निश्चयावर फार भरवसा ठेवत नाही, स्वतःच्या तर अजिबातच नाही. फोन रात्री कुठे झोपेल, कुठल्या खोलीत येणार नाही, जेवताना कुठल्या फळीवर असेल, एवढं ठरलं की अर्धं काम झालं असं माझं मत आहे, आणि खाली जे सांगतेय ते सगळं ह्याच एका मतावर उभं आहे. पीटर गोलविट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं नव्वदच्या दशकापासूनचं काम आहे ह्यावर, "मी अमुक सोडणार" असं म्हणणाऱ्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करणार" असं ठरवणाऱ्याकडून ते जास्त पाळलं जातं. म्हणजे "रात्री फोन बघणार नाही" ह्याऐवजी "दात घासले की फोन हॉलमधल्या चार्जरला लावणार." दात तर रोजच घासतो ना आपण, आठवण ठेवायची गरजच नाही.

आणि ते एकवीस दिवसांचं डोक्यातून काढून टाका. एकवीस दिवसांत सवय लागते हे प्रत्येक रीलमध्ये ऐकायला मिळतं, पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात खरोखर माणसांवर हे बघितलं होतं, २००९ साली प्रसिद्ध झालं, तर सरासरी ६६ दिवस निघाले आणि माणसामाणसात फरक केवढा, तर १८ पासून २५४ पर्यंत. त्याच अभ्यासातली आवडलेली गोष्ट अशी की मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. तेव्हा एका रात्री बारापर्यंत रील्स बघितल्या म्हणून "जाऊ दे आता गेलंच" असं म्हणायचं काही कारण नाही.

पहिले तीनचार दिवस नुसतं बघा

काही बंद करू नका, काही डिलीट करू नका. अँड्रॉइडवाल्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन डिजिटल वेलबीइंग उघडायचं, आयफोनवाल्यांनी स्क्रीन टाइम. दोन्ही २०१८ पासून फोनमध्ये आहेत, तरी मी ज्यांना विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांनी कधी उघडलंच नव्हतं. उघडल्यावर सगळे एकूण तास बघतात आणि कपाळाला हात लावतात, साडेपाच तास! पण तो आकडा मला तरी फसवाच वाटतो. आमच्या सासूबाई दुपारी यूट्यूबवर कीर्तन लावतात आणि फोन डब्याला टेकवून भाजी निवडतात, त्यांचे दोन तास तिथेच गेले, त्यात काय वाईट आहे? नवरा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) कामाला जातो, रोजचा रस्ता पाठ असला तरी मॅप लावूनच जातो, तेही त्यात मोजलं जातं. तेव्हा एकूण तास सोडा आणि दुसरे दोन आकडे बघा, फोन किती वेळा अनलॉक केला आणि कुठल्या अ‍ॅपने किती नोटिफिकेशन पाठवली. आयफोनवर पिकअप्स म्हणून दाखवतात आणि फोन उचलल्यावर पहिलं अ‍ॅप कुठलं उघडलं तेही येतं, तो तर आरसाच आहे. टाइम बघायला फोन उचलला आणि पहिलं उघडलं इन्स्टाग्राम, हे आकड्यात दिसलं की वाद घालता येत नाही.

मग एका कागदावर (हो, कागदावरच, नोट्स अ‍ॅपमध्ये लिहायला गेलात की तिथून कुठे पोचाल सांगता येत नाही) फक्त एवढं लिहा की हात कधी कधी जातो. माझ्या यादीत काय निघालं सांगते: कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, लिफ्टची वाट बघताना, मुलीला क्लासला सोडून गाडीत बसल्यावर, जाहिराती लागल्या की, आणि झोपायला पाठ टेकल्यावर. तुमची यादी वेगळी निघेल. बहुतेक वेळा ती रिकाम्या दोनतीन मिनिटांचीच असते, आणि त्या दोन मिनिटांची पस्तीस कशी होतात ह्याला कारण आहे.

कारण असं, की थांबायच्या जागाच काढून टाकल्यात. पूर्वी पान संपायचं, पुढचं पान उघडायला बोट लावावं लागायचं आणि तेवढ्यात आपण भानावर यायचो. २००६ च्या सुमाराला आझा रास्किन ह्या डिझायनरने न संपणारं स्क्रोल बनवलं, पुढे त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला, त्याने तसं जाहीर बोलून दाखवलंय. आपल्याकडे एक नैसर्गिक थांबा अजून होता, डेटा संपायचा! २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि तोही गेला. मग २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैत रील्स, सप्टेंबरात शॉर्ट्स, दोन्हींची भारतात सुरुवात झाली. हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच की स्वतःला आळशी, बेशिस्त वगैरे म्हणत बसू नका, समोर हुशार माणसं पगार घेऊन बसलेली आहेत. त्यांच्याशी इच्छाशक्तीने लढण्यापेक्षा फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं सोपं आहे.

चार्जर बेडरूममधून बाहेर

सगळ्यात आधी हे, आणि बाकी काहीच नाही जमलं तरी हे एक करा. बेडरूममधला चार्जर काढा, पलंगाजवळचं एक्स्टेंशन बोर्डसुद्धा काढा, आणि घरातल्या सगळ्या फोनांची चार्जिंगची एकच जागा करा. आमच्याकडे हॉलमध्ये चपलांच्या कपाटावर आहे, मुद्दाम तिथे, कारण तिथे उभं राहून कोणी तासभर रील्स बघू शकत नाही, पाय दुखतात. सोफ्याशेजारी केलंत तर सगळे सोफ्यावर जाऊन झोपतील.

आता ह्याला घरात तीन हरकती येणारच. पहिली, अलार्म. साधं सेलचं घड्याळ आणा, मंगळबाजारात किंवा कुठल्याही घड्याळवाल्याकडे दोनतीनशेत मिळतं, टिकटिक ऐकू येणारं घेऊ नका, नाहीतर नवरा पहिल्याच रात्री त्या निमित्ताने फोन परत आणेल. दुसरी हरकत, रात्री कोणाचा अर्जंट फोन आला तर? ही हरकत खरी आहे आणि तिला उडवून लावू नका, बडोद्यात घरटी एक मुलगा नाहीतर भाचा कॅनडात किंवा अमेरिकेत असतो आणि त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, घरात म्हातारी माणसं असतात. त्यासाठी डू नॉट डिस्टर्ब नीट लावून घ्या. त्यात ठरावीक माणसांना सूट देता येते, अँड्रॉइडवर स्टार लावलेले कॉन्टॅक्ट्स, आयफोनवर फेव्हरिट्स, आणि रिपीट कॉलर्स चालू ठेवा, म्हणजे एकाच नंबरवरून थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन आला (अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत, आयफोनवर तीन मिनिटांत) की तो वाजतो. रिंगचा आवाज फुल ठेवा, हॉलमधून बेडरूममध्ये ऐकू येतो. मुलाला सांगून ठेवा की खरंच अर्जंट असेल तर लागोपाठ दोनदा कर. तिसरी हरकत असते की मी झोपताना पुस्तक वाचतो फोनवर. वाचत असाल तर छानच, पण चार दिवस त्या स्क्रीन टाइममध्ये बघा खरंच वाचताय का.

सकाळचं त्याच्याच जोडीला येतं. फोन चपलांच्या कपाटावर असला की डोळे उघडल्या उघडल्या तो हातात येत नाही, आपोआप आधी चहा होतो. मी नियम असा केला की चहाचा कप सिंकमध्ये गेल्यावरच फोन. तुम्ही आंघोळीनंतर म्हणा, पूजेनंतर म्हणा, काहीही चालेल, फक्त घड्याळाची वेळ नको, कारण सात वाजता म्हटलं की सहा अठ्ठावन्नला आपण फोन हातात घेऊन सात वाजायची वाट बघत बसतो.

आणि बाथरूम. ह्यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना कळतंय. बाथरूममध्ये फोन नाही.

कोणी वाजायचं आणि कोणी नाही

नोटिफिकेशन कमी करा असं सगळे सांगतात पण कुठली ठेवायची हे कसं ठरवायचं? माझ्याकडे ह्याला एक कसोटी आहे, ती बडोदेकरांना लगेच पटेल. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात घुसलं ते आठवा. पाणी चढलेल्या भागात लाइट नव्हती, फोन चार्ज कसा करायचा हा प्रश्न होता, आणि ज्यांनी ते दिवस काढले त्यांना बरोबर आठवेल की बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली तेव्हा आपण काय चालू ठेवलं होतं. घरच्यांचे फोन, सोसायटीचा एक ग्रुप, दूधवाला, धरणातून पाणी सोडल्याची बातमी. बस. शॉपिंगचं अ‍ॅप नाही, क्रिकेटचा स्कोअर नाही, "तुमच्या मित्राने खूप दिवसांनी पोस्ट टाकली" हे तर नाहीच नाही. तेव्हा आता फोन हातात घ्या आणि एकेका अ‍ॅपला विचारा, पंधरा टक्क्यांत तुला ठेवलं असतं का? नसतं तर त्याचं वाजणं बंद. अ‍ॅप राहू दे, आपल्याला हवं तेव्हा उघडू, त्याने बोलवायचं नाही.

करायचं कसं तर अँड्रॉइडवर नोटिफिकेशन आलं की त्याच्यावर बोट दाबून धरा, तिथेच बंद करायचा पर्याय येतो. बऱ्याच अ‍ॅपमध्ये आत प्रकार पाडलेले असतात, ऑर्डरची माहिती वेगळी आणि ऑफर वेगळ्या, तर ऑर्डरचं चालू ठेवून ऑफरचं बंद करता येतं, अँड्रॉइड ८ पासून ही सोय आहे. बँकेचं बंद करू नका, खात्यातून पैसे गेले तर लगेच कळायला हवं. अँड्रॉइड १३ पासून नवीन अ‍ॅप टाकलं की ते आधी परवानगी मागतं, तिथे घाईत अलाऊ दाबायची सवय सोडायची, आधी नाही म्हणायचं, अडलं तर देऊ. आयफोनवर शेड्यूल्ड समरी म्हणून आहे, बिनमहत्त्वाची सगळी नोटिफिकेशन दिवसातून एकदोनदा गठ्ठ्याने येतात, ते मला फार आवडलं.

अ‍ॅप टायमर लावा असंही सांगतात लोक, अर्धा तास झाला की अ‍ॅप बंद. माझं मत विचाराल तर फार उपयोगाचं नाही, कारण टायमर लावणारे आपण आणि काढणारेही आपणच, दोन बोटांचं काम. आयफोनवर स्क्रीन टाइमचा पासकोड दुसऱ्या कोणाकडून टाकून घेतला तर थोडं काम होतं, पण नवराबायकोत हा प्रयोग विचार करून करा, भांडणाला नवीन विषय मिळतो. त्यापेक्षा अ‍ॅप काढून टाकायचं आणि हवं तेव्हा ब्राउझरमध्ये जाऊन बघायचं, बघून झालं की लॉगआउट. दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो, आणि तो कंटाळाच आपल्याला हवा आहे. स्क्रीन काळीपांढरी करून टाकायचाही एक उपाय आहे, अँड्रॉइडच्या बेडटाइम मोडमध्ये ग्रेस्केल आहे, रात्रीपुरता चांगला, रील्समधली मजाच जाते. दिवसा नका करू, बहिणीने साडीचा फोटो पाठवला आणि रंग कुठला म्हणून तिलाच फोन करावा लागला तर मग काय फायदा.

व्हॉट्सअ‍ॅप, हा वेगळाच विषय

आपल्या लोकांचा फोन म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच, हे मान्य करून पुढे जाऊ. माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, बिल्डिंगचा, शाळेचा, भजनी मंडळाचा, गणपतीच्या वर्गणीचा जो गणपती होऊन गेल्यावरही चालू आहे, आणि प्रत्येकात सकाळी सूर्य, गुलाब आणि सुविचार. ग्रुप सोडायचा म्हटलं तर काकू रुसतात. सोडू नका. म्यूट करा, ऑल्वेज निवडा, ग्रुपमधल्या कोणालाही कळत नाही. मग आर्काइव्ह करा, आणि सेटिंग्जमध्ये चॅट्समध्ये कीप चॅट्स आर्काइव्ह्ड चालू आहे का बघा, म्हणजे नवीन मेसेज आला तरी तो ग्रुप वर येत नाही. मी दोनच ग्रुप वर ठेवलेत, घरचा आणि मुलीच्या शाळेचा, बाकीचे संध्याकाळी एकदा उघडते, वाढदिवस असेल त्याला शुभेच्छा देते आणि बाहेर. आजपर्यंत कोणी तक्रार केली नाही, आणि तिथे सगळे इतके बोलत असतात की कोण गप्प आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

अजून दोन सेटिंग आहेत, एकदाच करायची आहेत. प्रायव्हसीमध्ये ग्रुप्स म्हणून आहे, तिथे माय कॉन्टॅक्ट्स करा, म्हणजे कोणीही अनोळखी माणूस शेअर मार्केटच्या ग्रुपमध्ये टाकू शकणार नाही. आणि स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. फोन भरला भरला म्हणून ओरडत असतो तो ह्या गुलाबांनीच.

फॉरवर्डचा संकल्प मात्र जरा मनावर घ्या. मेसेजवर दोन बाणांची खूण असली की तो खूप ठिकाणी फिरून आलेला असतो, आणि २०२० च्या एप्रिलपासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो, ही अडवणूक कंपनीने मुद्दाम केली आहे. आपण आपली अडवणूक त्यात वाढवायची: दोन बाण दिसले की आपल्यापाशीच थांबवायचं. पुराच्या वेळी आमच्या ग्रुपवर मगरींचे इतके व्हिडिओ आले, आता पंचाईत अशी की मगरी खरंच वस्तीत आल्या होत्या, त्यामुळे कुठला आजचा, कुठला मागच्या पुरातला आणि कुठला भलत्याच गावचा काही कळेना, आणि लोक त्यावरून मुलांना शाळेत पाठवायचं का ते ठरवत होते. अशा वेळी कलेक्टर ऑफिस, महानगरपालिका नाहीतर वर्तमानपत्र काय म्हणतंय ते बघायचं, आणि ग्रुपवर टाकायचंच असेल तर आपण स्वतःच्या खिडकीतून बघितलेलं टाकायचं, आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी आहे, ह्याचा लोकांना उपयोग होतो.

घरातल्या मोठ्यांसाठी ह्याला जोडून अजून एक, आणि हे खरं तर सगळ्यांसाठीच आहे. फोनवर घाई करायला लावणाऱ्या कोणाचंही ऐकायचं नाही, फोन ठेवायचा आणि घरात कोणाला तरी सांगायचं, मग काय ते. डिजिटल अरेस्ट म्हणून व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात धमकावतात, असला प्रकार आपल्या कायद्यात नाहीच आहे. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. आणि फसवणूक झालीच तर लाजेने रात्रभर गप्प बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे पुढे जायच्या आधी अडवले जायची शक्यता जास्त. आमच्याकडे १९३० हा नंबर फ्रिजवर लिहून चिकटवलाय, सासूबाईंच्या अक्षरात, त्यांनी स्वतः लिहिला म्हणून त्यांच्या लक्षात राहतो.

जेवण

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले फोन आणि टीव्ही बंद, मुलं अभ्यासाला बसतात, साडेआठला परत सुरू. मला त्यातली कुठली गोष्ट आवडली तर ती सगळ्या गावाला लागू आहे, नुसती मुलांना नाही. आपल्या घरी हे करायचं तर भोंगा नाही पण कुकर आहे, पानं घ्यायला हाक मारली की फोन कपाटावर, आणि ते नवऱ्याला, सासऱ्यांना, पाहुण्यांना, सगळ्यांना. एकाला सूट दिली की संपलं. ऑफिसचा फोन येणार असेल तर आधी सांगायचं की आज येणार आहे, आला की उठून बाहेर जाऊन बोलायचं, ताटावर बसून नाही. सासूबाईंची सिरीयल जेवणाच्या वेळची होती, त्यावर बरीच बोलणी झाली, शेवटी जेवण अर्धा तास अलीकडे आणलं, सिरीयल नाही हलवली. म्हणजे ज्याला जे प्रिय आहे त्याला धक्का न लावता जमत असेल तर तसं करा, नाहीतर तुमचा संकल्प म्हणजे घरावरची सक्ती होते आणि मग लोक किचनमध्ये उभे राहून चोरून फोन बघतात.

पहिले काही दिवस ताटावर शांतता असते, अवघडल्यासारखं होतं, कोणाला काही सुचत नाही. होऊ द्या. मग मीठ कमी आहे इथून सुरुवात होते आणि हळूहळू शाळेतल्या बाईंवर गाडी येते.

मुलांचं मी थोडक्यात सांगते कारण आपला फोन खाली गेला नाही तर त्यांचा जाणार नाही, बाकी सगळे उपाय त्याच्या नंतर. लहान मूल असेल आणि आजोबांच्या फोनवर बडबडगीतं बघत असेल तर अँड्रॉइडवर अ‍ॅप पिनिंग आणि आयफोनवर गायडेड अ‍ॅक्सेस लावा, त्या एका अ‍ॅपच्या बाहेर जाता येत नाही, भलताच फोन लागत नाही आणि आजोबांचे पैसेही कुठे जात नाहीत. थोड्या मोठ्यांना गुगलचं फॅमिली लिंक, त्यात मुलांच्या फोनचा वेळ आणि अ‍ॅप आईवडिलांना ठरवता येतात. दहावी-बारावीवाल्यांच्या नोट्स आणि लेक्चर फोनवरच येतात, त्यांच्याकडून फोन काढून घेणं म्हणजे रोजची मारामारी, त्यापेक्षा झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणा. पन्नास रुपये जातात, पण अभ्यासाच्या नावाखाली फोन मागायचं निमित्त जातं.

स्कूटरवर तर प्रश्नच नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना फोन हातात धरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरतात, पहिल्यांदा हजार ते पाच हजार दंड. पण दंडापेक्षा आपल्या रस्त्यावरच्या गाई आठवा. फोन डिकीत टाका, रस्ता निघायच्या आधी बघून घ्या, चुकलात तर बाजूला थांबून पानवाल्याला विचारा, मॅपपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

मग त्या हातात काय द्यायचं

संकल्पांची सगळ्यात मोठी गोची इथे आहे. लोक ठरवतात की फोनचा वेळ वाचला की गिटार शिकणार, रोज पन्नास पानं वाचणार. कुकरच्या तीन शिट्ट्यांत गिटार शिकून होत नाही हो. फोनची जागा घ्यायला त्याच जागी ठेवलेली, तेवढ्याच वेळाची छोटी गोष्ट लागते. किचनमध्ये मी आठवड्याच्या पेपरातली शब्दकोड्याची पानं क्लिपला लावून ठेवलीत, पेन्सिल दोऱ्याने बांधून, शिट्टी होईपर्यंत दोन शब्द होतात. गाडीत मुलीच्या क्लासबाहेर थांबायचं असतं तिथे डॅशबोर्डमध्ये एक पुस्तक आहे, ते फक्त गाडीतच वाचायचं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आपल्याकडे १९१० पासून आहे, सयाजीराव महाराजांनी केलेली, मराठी पुस्तकं आहेत, मेंबर व्हा, परत करायची तारीख असली की पुस्तक संपतं, विकत घेतलेलं पडून राहतं असा माझा अनुभव. कमाटीबागेत सकाळी चालायला जात असाल तर एक दिवसाआड फोन घरी ठेवून बघा, पावलं मोजली गेली नाहीत तरी चाललेलं वाया जात नाही. आणि लिफ्टची वाट बघताना काहीच करू नका, नुसतं उभं राहा, शेजारचे काका उभे असतात त्यांना काय म्हणता विचारा.

सगळं एकदम सुरू करू नका मात्र. एक जागा, एक वेळ. चार्जरचं बसलं की जेवणाचं, जेवणाचं बसलं की नोटिफिकेशन. रविवारी एकदा ते अनलॉकचे आकडे बघा, मागच्या रविवारपेक्षा कमी असले तर ठीक, जास्त असले तर कागद काढून बघा की नवीन कुठली जागा तयार झालीय, बहुतेक वेळा काहीतरी बदललेलं असतं, नवीन ऑफिस, आजारपण, परीक्षा.

सणांना सूट द्यावीच लागते. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर प्रश्न येत नाही, एका हातात फिरकी आणि दुसऱ्यात पतंग, मांज्याने बोटं कापलेली, फोन धरायचा कशाने. पण नवरात्रात नऊ रात्री सगळं कोलमडतं, बारापर्यंत गरबा, मग सेव-उसळ, मग घरी येऊन सगळ्यांचे फोटो आणि स्टेटस बघत दोन वाजतात. मी आता असं केलंय की ग्राउंडवर पोचल्यावर, घाम यायच्या आधी, लाइटखाली उभं राहून सगळ्यांचे काय ते फोटो एकदाच काढून घ्यायचे, मग फोन नवऱ्याच्या कुर्त्याच्या खिशात, तो तसाही बाहेर खुर्चीवर बसून मॅच बघत असतो. मैत्रिणी हल्ली शिंप्याला सांगून चणियाचोळीलाच आतून खिसा लावून घेतात, फोनच्या मापाचा, मलाही विचारलं होतं आमच्या टेलरने, बेन तुम्हारे में भी लगा दूँ? मी म्हटलं नको, घेर कमी पडतो.